अपुऱ्या अंकांची मंडळी : किर्लोस्कर संगीत नाटकाचे पहिले हंगाम (१८८०–१८८५)

३१ ऑक्टोबर १८८०, रविवार. पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ म्हणून ही तारीख आपण सर्वांनीच कुठे ना कुठे वाचलेली असते. मात्र त्या दिवशी प्रेक्षकांनी पाहिले ते नाटक पुरे नव्हते. कालिदासाच्या सात अंकांपैकी चारच अंक मराठीत तयार झाले होते. शकुंतला आश्रम सोडून सासरी निघते, कण्व तिला निरोप देतात आणि तिथेच खेळ संपतो. दुष्यंत तिला ओळखतो की नाही, अंगठीचे काय होते, हे सारे पुढच्या तीन अंकांत. आणि ते अंक अजून रंगभूमीवर यायचे होते.

पुढचे नाटक ‘संगीत सौभद्र’. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ते प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा पाचांपैकी तीनच अंक झाले होते. पूर्ण नाटक पुढच्या वर्षी झाले. तिसरे ‘संगीत रामराज्यवियोग’. १८८४ मध्ये त्याचेही तीन अंक रंगमंचावर आले आणि नाटक तिथेच थांबले, कायमचे.

नाटक पुरे होण्याआधीच पडदा वर करणारी ही मंडळी उभी कशी राहिली, आणि लिहिणारा हात थांबल्यावरही चालत कशी राहिली, ते आज पाहू.

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच वर्षी, ५ नोव्हेंबरला, सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला आणि मराठी नाटकाची वाट सुरू झाली. म्हणजे अण्णासाहेब आणि मराठी रंगभूमी अक्षरशः समवयस्क. भाव्यांच्या नाटकांत गाणे भरपूर असे, पण ते सूत्रधाराच्या तोंडी. तो बाजूला उभा राहून पदांतून कथा सांगे. पात्रे अभिनय करीत, मधूनमधून आयत्या वेळी सुचतील ती वाक्ये बोलत. राक्षस ‘अलल डुर्र’ करीत तलवारी परजत येत आणि लहान मुले आईच्या कुशीत तोंड लपवीत.

नवशिक्षित वर्गाला या प्रकाराचा लवकरच कंटाळा आला. १८६१ मध्ये वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लिहून, घोकून करायच्या गद्य नाटकाला प्रतिष्ठा मिळू लागली. शेक्सपिअरची रूपांतरे झाली, संस्कृत नाटकांची भाषांतरे झाली. अशा रीतीने १८७० च्या दशकात मराठी रंगभूमीवर दोन पंगती पडल्या होत्या. एकीकडे गाणे होते, पण रचलेले नाटक नव्हते. दुसरीकडे रचलेले नाटक होते, पण गाणे नव्हते.

अण्णासाहेब या दोन्ही पंगतींत बसून उठलेले गृहस्थ. शिक्षणासाठी पुण्यात असताना त्यांनी नाटकमंडळ्यांना पदे रचून दिली. ‘भारतशास्त्रोत्तेजक मंडळी’ नावाची स्वतःची मंडळीही काढून पाहिली. ती फार काळ टिकली नाही. १८७३ मध्ये त्यांनी ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक लिहिले. पोटासाठी आधी बेळगावात शिक्षकी, मग सरकारी कचेरीतली नोकरी. १८८० मध्ये ते पुण्यात महसुली कचेरीत कामाला होते. वय सदतीस. त्या काळच्या मापाने निवृत्तीकडे डोळे लावण्याचे वय.

त्या वर्षी पुण्यात एका पारशी मंडळीने ‘इंद्रसभा’चे प्रयोग केले. मूळ ‘इंद्रसभा’ ही लखनौच्या अमानत यांची उर्दू गीतरचना. पारशी मंडळ्यांनी ती झगमगत्या पडद्यांसह गावोगाव नेली होती. तिच्यात इंद्र आणि पऱ्या स्वतःची गाणी स्वतः गात. अण्णासाहेबांनी खेळ पाहिला आणि असे काही मराठीत करायचेच, असे मनाशी ठरवले. हा प्रसंग नाट्येतिहासात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की ऐकणाऱ्याला वाटावे, एका रात्रीत सगळे सुचले. तसे ते नव्हते. आदल्याच वर्षी, १८७९ मध्ये, मुंबईच्या सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी ‘नल-दमयंती’ हे संगीत नाटक केले होते. पहिलेपणाचा मान कागदोपत्री त्यांच्याकडेच जातो.

आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांनी आणखी मागे जायला हरकत नाही. आपल्यापासून पन्नासएक किलोमीटरवरच्या पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. भारुडात सोंग घेणारा स्वतःच गातो. वेडी असो, जोशी असो, विंचू चावलेला असो, गाणे त्या सोंगाच्याच तोंडून येते. त्याच्या वतीने दुसरा कोणी गात नाही. तमाशाच्या वगातही तेच. म्हणून अण्णासाहेबांनी पात्राला गायला लावले, एवढे सांगून त्यांचे श्रेय पुरे होत नाही. लोकांच्या अंगणात शतकानुशतके चाललेली ही रीत त्यांनी कालिदासाच्या नाटकात नेऊन बसवली आणि पात्राने गावे कधी व बोलावे कधी, याचा हिशेब घातला. माझ्या लेखी त्यांचे खरे काम हेच.

युरोपातील ऑपेराशी तुलना इथे उपयोगी पडते. ऑपेराही इटलीतल्या दरबारांत आणि सरदारांच्या वाड्यांत जन्मला; १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून पाहता येणारे पहिले ऑपेरागृह उघडले आणि तो बाजारपेठेत आला. पण इटालियन ऑपेरात साधा संवादही गाऊनच म्हटला जातो. मराठी संगीत नाटकात गद्य ठणठणीत आहे. प्रसंग बोलत बोलत पुढे जातो, भावना दाटून आली की पदाला वाट मिळते. ‘शाकुंतल’मध्ये पदांची संख्या दोनशेच्या घरात गेली, तरी कथा हरवली नाही, ती या गद्यामुळे.

चाली कुठून आल्या? साकी, दिंडी, ओवी, कामदा, अंजनीगीत या कीर्तनकारांच्या आणि आख्यानकवींच्या वृत्तांतून. लावणीच्या ठेक्यांतून. हिंदुस्थानी रागांतून. आणि गुर्लहोसूर-धारवाडच्या मुलखात लहानपणी कानांवर पडलेल्या कानडी गाण्यांतून. प्रेक्षकाला पद नवे वाटे, चाल मात्र आजीच्या तोंडची असे. नाट्यगृहातून बाहेर पडताना तो ती गुणगुणत जाई, याचे नवल नाही. पुढच्या काळात नाट्यसंगीत रागदारीच्या मैफलीकडे झुकले आणि एकेक पद लांबत गेले. आरंभीची पदे मात्र आटोपशीर होती. त्यांना पुढच्या संवादाची वाट अडवायची नव्हती.

पहिल्या प्रयोगात स्वतः अण्णासाहेब सूत्रधार झाले. दुष्यंत झाले मोरोबा वाघोलीकर, कण्व झाले बाळकोबा नाटेकर आणि शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार. होय, ‘झाले’च म्हणायचे, स्त्रीपात्रे पुरुषच करीत. यामागे नुसती परंपरा नव्हती. नाटकवाला म्हणजे वाया गेलेला, ही समजूत पांढरपेशा घरांत घट्ट होती. ती पुसण्यासाठी या मंडळीने कालिदासाचा आधार घेतला, पदांची भाषा शुद्ध व सुसंस्कृत राखली आणि गाण्याचा पिढीजात व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना रंगमंचापासून दूर ठेवले. त्या काळी उत्तम तयारीचा आवाज बहुधा त्याच स्त्रियांच्या गळ्यात होता. प्रतिष्ठेची ही किंमत मंडळीने मोजली नाही. ती मोजली त्या गायिकांनी. संगीत नाटकाच्या सुवर्णकाळाची वर्णने वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.

पुण्याची तेव्हाची हवाही पाहा. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. सरकारी नोकरी सोडून किंवा नाकारून स्वतःची संस्था उभारण्याचा तो काळ होता. किर्लोस्कर मंडळी त्याच वर्षांतली. शाळा, वृत्तपत्र आणि नाटकमंडळी अशी तिन्ही एकाच शहरात वर्ष-सव्वा वर्षाच्या आत उभी राहिली, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

आता अपुऱ्या अंकांकडे येऊ. एक कारण उघड आहे. नोकरी, लेखन, चाली, तालीम आणि स्वतःची भूमिका, हे सारे एकाच माणसाच्या अंगावर. दुसरे कारण माझा तर्क आहे. संगीत नाटक टेबलापाशी बसून पुरे होत नाही. पद कोणाच्या गळ्यात बसते, कोणत्या पट्टीत खुलते, प्रेक्षक कुठे ‘वन्स मोअर’ म्हणतात, हे प्रयोगाशिवाय कळत नाही. तीन-चार अंक करून पाहावेत आणि मग पुढचे रचावेत, यात आळसापेक्षा कारागिराची सावधगिरी अधिक असावी.

१८८२ मध्ये मंडळीला तो गळा सापडला. भाऊराव कोल्हटकर, जन्म बडोद्याचा, वय एकोणीस. उंच, धारदार, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात ही लहान गोष्ट नव्हती. लोक त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हणू लागले. शकुंतलेची भूमिका त्यांच्याकडे आली आणि ‘सौभद्र’मधील सुभद्रा तर त्यांचीच झाली.

‘सौभद्र’ हे अण्णासाहेबांचे सर्वांत स्वतंत्र नाटक. कथा महाभारतातली, पण घर ओळखीचे. थोरल्या भावाने, बलरामाने, बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे. तिचे मन अर्जुनावर आहे. धाकटा भाऊ कृष्ण कोणालाही न दुखवता सारे उलटवून टाकतो. घटोत्कच सुभद्रेला उचलून रानात नेतो, अर्जुन संन्याशाच्या वेषात द्वारकेत येऊन राहतो आणि भोळा बलराम त्याच संन्याशाची सेवा करायला बहिणीला नेमतो! देवत्व बाजूला ठेवून यादवांचे कुटुंब मध्यमवर्गीय वाड्यासारखे वागते. प्रेक्षक हसत, पण प्रश्न हसण्यापुरता नव्हता. १८८४ मध्ये मुंबईत रखमाबाईंवर नवऱ्याने खटला भरला आणि बालपणी परस्पर लावून दिलेले लग्न मुलीवर बंधनकारक आहे का, यावर सारा देश वाद घालू लागला. अण्णासाहेबांनी सुधारणेचे नाटक लिहिले, असे मी म्हणणार नाही. पण ‘मुलीच्या मनात काय आहे’ हा प्रश्न पंधराएक महिने आधीपासून गाण्यांतून घराघरांत जात होता.

मंडळीचा संसार फिरता होता. गाव गाठायचे, बिऱ्हाड थाटायचे, एका पंगतीला जेवायचे, दिवसा तालीम आणि रात्री खेळ. फिरती आखायची ती रेल्वेच्या रुळांवरून, कारण पडदे, पेट्या आणि एवढी माणसे बैलगाड्यांतून फार लांब नेणे परवडत नसे. आपले औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि त्या रुळांपासून दूर. वेरूळची लेणी पाहायला येणारा प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरून टांग्याने येई. मनमाडहून इकडे रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास. मराठवाड्याला संगीत नाटकाची ओळख उशिरा झाली असे आपण म्हणतो, तेव्हा दोष रसिकतेला देण्याआधी हा नकाशा पाहावा.

‘रामराज्यवियोग’मध्ये अण्णासाहेबांनी भाऊरावांना मंथरा दिली. ज्याच्या सुभद्रेवर लोक लुब्ध होते, त्याच गायकाला कुबडी, कपटी दासी करायला लावण्याचे हे धाडस होते. नाटकाचा सूर आधीच्या दोन्हींपेक्षा गंभीर आहे. ते पुढे कुठे गेले असते, याचा अंदाज करण्यात अर्थ नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले. वय बेचाळीस. पहिल्या प्रयोगाला पाच वर्षे पुरी होऊन दोन दिवस झाले होते.

नाटककार, तालीममास्तर आणि चालक एकाच दिवशी गेल्यावर मंडळी मोडायला हवी होती. ती मोडली नाही, कारण या पाच वर्षांत माणसे तयार झाली होती. बेळगावच्या शाळेतले अण्णासाहेबांचे विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल यांच्या हातून मंडळीला १८९३ मध्ये ‘शापसंभ्रम’ आणि १८९९ मध्ये ‘शारदा’ मिळाले. ‘शारदा’त मुलीचा प्रश्न आडपडदा न ठेवता आला. पहिले शकुंतला शंकरराव मुजुमदार मंडळीचे व्यवस्थापक झाले आणि अण्णासाहेबांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ १८९६ मध्ये आले. भाऊराव १९०१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, गेले. पुन्हा तीच भीती उभी राहिली.

१९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत आला. लोक त्याला पुढे बालगंधर्व म्हणून ओळखू लागले. अण्णासाहेब गेले तेव्हा त्याच्या जन्माला अडीच वर्षांहून अधिक अवकाश होता. मिरजेला त्याला पहिली भूमिका मिळाली ती शकुंतलेची.