पेशींचे वय

शासकीय दप्तरात माणसाचे वय हा वादाचा विषय नसतो. सेवापुस्तकात जी जन्मतारीख एकदा नोंदली गेली, तिच्यावरून तो केव्हा निवृत्त होणार हे ठरते. मग त्याचे केस अकाली पिकलेले असोत, वा साठीच्या उंबरठ्यावरही तो तरतरीत दिसो. शरीराच्या आत अशी काही नोंद असते काय, आणि दुःखाने किंवा मोडलेल्या झोपेने तिच्यात फरक पडतो काय, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांना शतकभर पुरून उरला आहे.

त्यातील पहिली पन्नास वर्षे एका मोठ्या नावाच्या छायेत गेली. अलेक्सिस कॅरेल हे फ्रेंच शस्त्रवैद्य न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करीत. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक तुकडा काचपात्रात वाढविण्यास प्रारंभ केला. त्या पेशींची परंपरा १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेल यांच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे, चालू ठेवण्यात आली. त्यावरून पेशी स्वभावतः अमर असतात, वार्धक्य येते ते शरीराला, असे मानले जाऊ लागले. ज्यांच्या पात्रातील पेशी मरत, ते बापडे आपल्याच हातांना दोष देत.

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी तसे केले नाही. मानवी गर्भातील पेशी सुमारे पन्नास वेळा दुणावतात आणि मग थांबतात, असे त्यांना दिसून आले. दोष पोषकद्रवाचा तर नसेल? ही शंका फेडण्यासाठी पुष्कळदा दुणावलेल्या पुरुष-पेशी आणि ताज्या स्त्री-पेशी त्यांनी एकाच पात्रात ठेवल्या. काही काळाने स्त्री-पेशीच तेवढ्या उरल्या. पात्र एक, अन्न एक. पण ज्याचा हिशेब त्याच्यापाशी! त्यांचा निबंध पहिल्या नियतकालिकाने परत केला; १९६१ साली तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला. कॅरेल यांच्या पात्रात पोषणाबरोबर नकळत ताज्या पेशी पडत असाव्यात, असे पुढे सुचविले गेले.

हा हिशेब पेशी ठेवते कोठे? १९३८ साली हर्मन म्युलर यांनी गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’, म्हणजे शेवटचा भाग, असे नाव दिले होते. वस्त्राला काठ असतो तशी ही टोके. काठ गेला की वस्त्र उसवू लागते. हेफ्लिक यांच्या शोधावरील व्याख्यान ऐकून १९६६ साली अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात उभे होते. गाडी येताना पाहून त्यांच्या मनात आले की, डीएनएची नक्कल करणारे यंत्र ही गाडी मानली आणि डीएनए हे रूळ मानले, तर गाडी ज्या तुकड्यावर आरंभी उभी असते, त्याची नक्कल तिला करता येणार नाही. प्रत्येक नकलेत टोक थोडे आखूड होणार! १९७१ साली त्यांनी हा तर्क रशियन भाषेत मांडला. पुढे एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरॉल ग्रायडर आणि जॅक झोस्टाक यांनी टोकांची रचना व ती पुन्हा वाढविणारे टेलोमरेज हे प्रथिन उजेडात आणले. २००९ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. ओलोव्हनिकोव्ह यांचे नाव त्यात नव्हते, ही गोष्ट मनाला लागते.

मग हा काठ आजारी माणसांत मोजला जाऊ लागला. २००४ साली ब्लॅकबर्न व एलिसा एपेल यांनी ५८ मातांच्या रक्तातील श्वेतपेशी तपासल्या. त्यांतील कित्येकींची मुले दीर्घकाळ आजारी होती. ज्यांना मनावर सर्वाधिक ताण जाणवत होता, त्यांचे टेलोमिअर कमी ताण असलेल्या मातांपेक्षा निदान दहा वर्षांनी वृद्ध भासावेत इतके आखूड होते. २००६ साली नैराश्यादी मनोविकारांच्या ४४ रुग्णांतही असाच फरक आढळला.

झोपेतील श्वासरोधाची कथा विनोदातून सुरू होते. डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’मधील जो हा लठ्ठ मुलगा उभ्या उभ्या झोपे, आणि वाचक हसत. १९५६ साली अमेरिकेतील बर्वेल यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात उत्तम पाने हाती असताना या गृहस्थाला झोप लागली होती! त्या विकाराला त्यांनी पिक्विकचेच नाव दिले. दोष मात्र लठ्ठपणाकडे गेला. अशा रुग्णांचा श्वास रात्रभर पुनःपुन्हा बंद पडतो, हे १९६५ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी झोपेतच नोंदून दाखविले. दर वेळी रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, आणि सकाळी रोग्याला त्यातले काही आठवत नाही. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन हा मार्ग उघडा ठेवण्याची रीत दाखविली.

प्राणवायूच्या अशा चढउतारांनी टेलोमिअरला इजा पोहोचत असावी, हा तर्क सयुक्तिक होता, आणि २०१० साली श्वासरोधाच्या रुग्णांत ते आखूड असल्याचे प्रसिद्धही झाले. परंतु २०१७ साली दुसऱ्या एका अभ्यासात मध्यम व तीव्र श्वासरोध असलेल्यांचे टेलोमिअर उलट लांब आढळले! दरम्यान २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएच्या ३५३ ठिकाणांवरील रासायनिक खुणांवरून वय अजमावण्याची निराळी रीत काढली होती. हे सारे पाहता, रक्ताच्या एका थेंबावरून आपले ‘खरे वय’ सांगू म्हणणाऱ्या जाहिरातींवर मी तरी पैसा खर्च करणार नाही. अनेक माणसांच्या सरासरीत दिसणारी खूण ही एका माणसाची जन्मपत्रिका नव्हे. आणि खूण म्हणजे कारण, असेही नव्हे.

या दोन विकारांची गाठ मात्र पेशीत शोधण्याआधी रोजच्या व्यवहारातच सापडते. दिवसभराचा थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणे ही नैराश्याची लक्षणे, आणि श्वासरोधाचीही. एकाची चिकित्सा चालू असता दुसरा दडून राहू शकतो. रात्री घोरता काय, घोरता घोरता मध्येच शांतता पसरते काय, हे विचारावयाचे राहून जाते. आणि विचारले तरी त्याचे उत्तर ज्या पत्नीला ठाऊक असते, ती पुष्कळदा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेली असते.