मिर्झाराजांचें अनुष्ठान आणि कडेगांवचा उतारा

कडेगांवचे मोहरमचे उंच ताबूत पाहण्यास लोक दूरदूरून जातात, तसे आम्हीही गेलों होतों. परततांना तिवाठ्यावर दहीभात आणि कुंकू माखलेलें लिंबू पडलेलें दिसलें. आमच्या सोबत्यानें "करणी!" असा उद्गार काढतांच वाटेनें जाणारी एक म्हातारी थांबली. "न्हाय दादा, ह्यो उतारा. करणी येगळी," ती म्हणाली. आपल्या घरचें दुखणें बाहेर टाकणें निराळें आणि दुसऱ्याच्या घरीं दुखणें धाडणें निराळें, हा भेद ती कोणत्याहि पोथींतून शिकली नव्हती. पोथ्यांत मात्र तो आहे, आणि मोठ्या तपशिलानें आहे.

मंत्रशास्त्राचे ग्रंथकार प्रयोगांचे सहा वर्ग करतात : शांति, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. रोग व ग्रहपीडा दूर करणें ती शांति. लोकांस अनुकूल करून घेणें तें वश्य. वैऱ्याची हालचाल थांबविणें तें स्तंभन. स्नेह्यांत वैर पाडणें, स्थानावरून हुसकणें आणि प्राण घेणें हीं उरलेलीं तीन. शारदातिलकांत त्यांच्या देवता अनुक्रमें रति, वाणी, रमा, ज्येष्ठा, दुर्गा आणि काली अशा दिल्या आहेत. दिशा, ऋतु, आसन, माळ सारें कर्माप्रमाणें बदलतें. म्हणजे साधकानें प्रथम आपल्या मनाशीं ठरवावयाचें कीं आपणांस नेमकें काय हवें आहे. इ. स. १५८८ मध्यें मंत्रमहोदधि लिहिणाऱ्या महीधरानें हीं सर्व कर्में सांगून झाल्यावर एक विलक्षण इशारा दिला आहे. शुभ असो वा अशुभ, कामनेनें प्रयोग करणाऱ्यावर मंत्रच वैरी होऊन उलटतो, असें तो म्हणतो. दुकान मांडून गिऱ्हाइकास परत पाठविणारा असा दुकानदार विरळाच!

आपल्या इतिहासांत अशा निवडीचें ठळक उदाहरण सभासदाच्या बखरींत सांपडतें. कृष्णाजी अनंत सभासदानें ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ मध्यें जिंजीस लिहिली. अफजलखानास मारणाऱ्या आणि शाइस्तेखानाच्या मुक्कामांत शिरणाऱ्या शिवाजी महाराजांपुढें आपणांस यश कसें यावें, ही चिंता मिर्झाराजा जयसिंगास पडली. तेव्हां ब्राह्मणांनीं देवीप्रयोग सुचविला : कोटी चंडी, अकरा कोटी लिंगें आणि बगलामुखी कालरात्रीचा जप. चारशे ब्राह्मण बसले, दोन कोटी रुपये वेगळे काढले आणि तीन महिने अनुष्ठान चाललें, असें बखर सांगते. रकमेवर आमचा विश्वास बसत नाहीं. पुरंदरच्या तहांत जे तेवीस किल्ले गेले त्यांचा मुलूखच चार लक्ष होनांचा होता.

परंतु देवता सभासदानें अचूक सांगितली आहे. बगलामुखी ही स्तंभनाची देवता. ती पीतांबर नेसते, वैऱ्याची जीभ धरते, आणि तिच्या जपास हळदीच्या मण्यांची माळ लागते. जोडीस कालरात्रीचें नांव आहे, तेव्हां अनुष्ठान केवळ सौम्य नव्हतें हें खरें. तरी जयसिंगास शत्रूला जागच्या जागीं थोपवावयाचें होतें, हें त्याच्या पुढील वर्तनाशीं जुळतें. ३ मार्च १६६५ रोजीं तो पुण्यास आला आणि ११ जूनला महाराज त्याच्या छावणींत आले. इकडे भवानीनेंच महाराजांस हा प्रसंग कठीण असल्याचें सांगून भेटीचा सल्ला दिला, असेंहि सभासद लिहितो. जयसिंगाचें यश अनुष्ठानाच्या पदरीं घालतांना त्याला देवी आपल्या पक्षाकडेहि ठेवावयाची आहे!

जयसिंगाचीं फार्सी पत्रें वाचलीं म्हणजे दुसरेंच प्रयोग दिसतात. जंजिऱ्याच्या सिद्दीस व किनाऱ्यावरील फिरंग्यांस अनुकूल करणें, जावळीच्या मोऱ्यांस हाताशीं धरणें, महाराजांचे सरदार फोडणें. यांतील बहुतेक वश्य आणि विद्वेषणच म्हणावयाचीं, फक्त मंत्राविना. आणि स्तंभन म्हणावें तर तें चौदा महिने टिकलें. १७ ऑगस्ट १६६६ रोजीं महाराज आग्र्याहून निसटले. पुढल्याच वर्षीं जयसिंग बऱ्हाणपुरास वारला.

राजाचा वैरी सर्वांस ठाऊक असतो. खेड्यांतील दुखणाइताला मात्र वैरी कोण हें देवऋषीला विचारावें लागतें. त्यानें "बाहेरचें आहे" म्हटलें तर लिंबावर भागतें. "करणी आहे" म्हटलें कीं करणारा शोधावा लागतो, आणि तो बहुधा शेजारची एखादी विधवा, नाहींतर भाऊबंदकींतली जाऊ निघते. मग तिचा छळ होतो. मनुस्मृतींत सर्व अभिचारांस सरसकट दोनशें पणांचा दंड आहे; म्हणजे तेथें अपराध प्रयोगाचा. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें झगडले त्यानें ही दृष्टि फिरविली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली, त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत कायदा मंजूर झाला. घरची निरुपद्रवी पूजाअर्चा त्यानें सोडली आहे. परंतु एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिला जगणें नकोसें करणाऱ्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

त्या म्हातारीस आम्हीं विचारलें होतें, "आजी, देवऋषीनं कुणाचं नांव घेतलं का?"

"न्हाई घेतलं," ती म्हणाली. "नातू तापला हुता. नांव घेतलं असतं तर म्या त्येला उंबऱ्याभाईर काढला असता."