झटपट वांगीभात : कृष्णाकाठची चव, कुकरचा वेग

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत भाताचे पीक प्रामुख्याने पाटण, जावळी, शिराळा या पश्चिमेकडील पावसाळी तालुक्यांत घेतले जाते. पूर्वेकडे माण, आटपाडी, जत हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. त्यामुळे मसाल्याचा भात या भागात रोजच्या ताटात नसे. तो लग्नाच्या पंगतीला किंवा सणावारी होई. कृष्णाकाठची वांगी घातली की तोच वांगीभात होतो. ही वांगी कोवळी असताना गर मऊ आणि बिया कमी असतात.

पूर्वी हा भात जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, झाकणावर निखारे ठेवून मुरविला जाई. कुकरमुळे वेळ वाचला, परंतु भात गिचका होणे आणि वांग्याचा लगदा होणे या दोन तक्रारी सुरू झाल्या. दोन्ही टाळता येतात.

साहित्य (चौघांसाठी) : २ वाट्या तांदूळ, ५-६ लहान वांगी, १ कांदा, २ चमचे गोडा मसाला अथवा घरची कांदा-लसूण चटणी, अर्धा चमचा हळद, ४ चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मीठ, लिंबाएवढा गूळ नको असल्यास चिमूटभर साखर, वरून ओले खोबरे, कोथिंबीर व साजूक तूप.

कृती : तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावेत. वांग्यांचे देठ न काढता चार चिरा द्याव्यात व ती मिठाच्या पाण्यात ठेवावीत. त्यामुळे ती काळी पडत नाहीत आणि शिजताना अखंड राहतात. कुकरमध्ये फोडणी करून कांदा व वांगी परतावीत. मग तांदूळ, हळद व मसाला घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतावे. दाण्याला तेल लागले की भात मोकळा होतो. उकळते पाणी घालावे : जुन्या तांदळाला दुप्पट, नव्या इंद्रायणीला दीडपट. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या करून गॅस बंद करावा. वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून ती काढल्यास दाणा मोडतो.

इंद्रायणी हा वाण आंबेमोहोर व आयआर-८ यांच्या संकरातून तयार झाला आहे. तो सुवासिक, पण चिकट असतो. मोकळा भात हवा असल्यास जुना तांदूळ बरा. हळद सांगलीची असावी; तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

एकाच भांड्यात तांदूळ मसाल्यात परतून शिजविण्याची रीत पश्चिम आफ्रिकेतही आहे. तेथील जोलोफ भात टोमॅटो, कांदा व मिरचीच्या वाटणात शिजतो. सेनेगलमधील वोलोफ लोकांवरून त्याला हे नाव पडले. त्याच्या बुडाशी लागलेली खरपुडी तिकडे आवडीने खाल्ली जाते. कुकरमध्ये ती मिळत नाही. हवी असल्यास तयार भात तूप लावलेल्या लोखंडी तव्यावर पसरून पाच मिनिटे झाकून ठेवावा.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजलेल्या भातात तग धरणारे बॅसिलस सेरियस हे जिवाणू उबेत वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात पसरून निववावा व दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.