फोडणीची पोळी, जपानी पद्धतीची

शिळ्या पोळीचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. पानिपतावर ग्रंथ आहेत, पेशव्यांच्या पंगतींची वर्णनं आहेत. पण रात्री उरलेल्या चार पोळ्या सकाळी कुस्करून, त्यांना मोहरी-हळद-कांद्याची फोडणी देऊन आणि वर कोथिंबीर भुरभुरून 'आज वेगळंच काहीतरी केलंय हं!' असं ज्या पहिल्या बाईनं जाहीर केलं, तिचं नाव कोणत्याही बखरीत सापडत नाही. माझ्या मते ती बाई मोठी संशोधक होती. तिनं बाजारातून नवीन काही आणलं नाही. घरात जे होतं, ज्याचे गुणदोष तिला तोंडपाठ होते, तेच तिनं उचललं आणि भलत्याच जागी नेऊन बसवलं. पोळीची जागा ताटात; तिनं ती कढईत घातली. झालं! शोध एवढाच.

जपानात या विद्येला एक भारदस्त नाव आहे, आणि ते देणारा माणूसही नावानिशी ठाऊक आहे. गुनपेई योकोई. पेशा : खेळणी आणि व्हिडिओ गेम तयार करणे. 'व्हिडिओ गेम' हे शब्द वाचताच पान उलटायला निघालेल्या पालकांनी जरा दम धरावा. या खेळांनी मुलांचे डोळे आधी बिघडतात की डोकं, हा वाद मी सोडवणार नाही. मला रस आहे तो योकोईंच्या सूत्रात. त्याचं मराठी करायचं तर 'वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार' असं होईल. यातला 'वाळलेलं' हा शब्द ऐकायला करुण वाटतो, पण मूळ जपानी शब्दाला मुरलेपणाचाही वास आहे. लोणचं मुरतं तसं तंत्रज्ञान मुरतं. ते स्वस्त होतं, त्याच्या खोड्या कळतात, आणि ते ऐन वेळी दगा देत नाही. राहिला आडवा विचार. तो करणारी माणसं आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण योकोईंना अभिप्रेत होता तो वेगळा. वस्तू ज्या कामासाठी जन्माला आली ते काम विसरून तिच्याकडे पाहणं, हा तो आडवा विचार.

आता हा माणूस घडला कसा ते बघा. जन्म १९४१, गाव क्योतो. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ साली पोरगा निंटेंडो नावाच्या गावातल्याच कंपनीत चिकटला. आज निंटेंडो म्हटलं की नातवंडांचे डोळे चमकतात. पण तेव्हा ती पत्ते छापणारी कंपनी होती. फुलापानांची चित्रं असलेले 'हानाफुदा' नावाचे पत्ते ती १८८९ पासून करत आलेली. पत्त्यांचा धंदा बसू लागला तसा मालकांनी झटपट शिजणाऱ्या भातापर्यंत सगळं करून पाहिलं होतं. अशा ठिकाणी योकोईचं काम काय, तर पत्ते करणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्रं बिचारी शहाण्यासारखी चालायची. त्यामुळे देखभाल करणाऱ्याला वेळच वेळ!

रिकाम्या वेळात त्यानं कारखान्यातल्या यंत्रांवर स्वतःसाठी एक खेळणं केलं. जुन्या लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा असतो ना, कडाकड मिटणारा आणि उलगडणारा? तसल्याच कात्रीच्या जोडपट्ट्या. मुठी जवळ आणल्या की समोरचा पंजा लांब जाऊन वस्तू पकडतो. नेमके त्याच वेळी मालक हिरोशी यामाउची फेरीला आले. आपल्या कचेरीत हा प्रसंग घडला असता तर पुढची ओळ 'खुलासा मागवण्यात आला' अशी असती. योकोईलाही बोलावणं आलंच, आणि आता बोलणी खायची असं धरून तो गेला. मालकांनी सांगितलं की याचं विकता येईल असं खेळणं कर. १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावानं तो पंजा बाजारात आला आणि दहा लाखांवर खपला. (यंत्रांची देखभाल पुढे कोणी केली, याबद्दल इतिहास मौन बाळगून आहे.)

दहा लाखांच्या वर खप गेल्यावर माणसाला अहोजाहो करायलाच हवं. तर योकोई आता खेळण्यांच्या खात्यात गेले. १९६९ साली त्यांनी 'लव्ह टेस्टर' काढला. एका डबीला दोन तारा, तारांच्या टोकांना दोन धातूचे गोळे. एक गोळा त्यानं धरायचा, एक तिनं, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. काटा हलला की प्रेम किती ते कळतं! आत होतं काय? दोघांच्या अंगातून जाणारी किंचितशी वीज मोजणारं एक साधं उपकरण. तळहाताला घाम फुटला की वीज जास्त वाहते, काटा पुढे सरकतो. विजेच्या प्रयोगशाळेतला मुरलेला काटा त्यांनी सरळ बागेतल्या बाकावर नेऊन बसवला. मुलींचा हात हातात घ्यायला निमित्त मिळावं हाच खरा हेतू होता, असं योकोईच नंतर सांगत. आमच्या पिढीत हे काम पंचांग आणि मध्यस्थ मिळून करत. काटा दोघांनाही नव्हता.

पुढची गंमत तर याहून सरस. शार्प कंपनीतले मासायुकी उएमुरा सौर घट विकायला आले होते. सौर घट म्हणजे उन्हापासून वीज करणारी चकती. योकोईंनी ऊन बाजूला ठेवलं. चकतीवर प्रकाश पडला की वीज वाहते, एवढंच ध्यानात घेतलं आणि तिला नेमबाजीचं लक्ष्य केलं. बंदुकीतून गोळीऐवजी प्रकाशाचा झोत सुटतो, चकतीला लागतो, समोरची बाटली उडते. १९७० सालची ही बंदूक. पुढे १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत याच कल्पनेवर मोठाले नेमबाजीचे खेळ मांडले गेले. नेमका तेलाचा भडका उडाला आणि तो धंदा आपटला. पण शिळ्या बोलिंगला फोडणी द्यायची कल्पना तर बघा!

आता गोष्ट कॅल्क्युलेटरची. सत्तरीच्या दशकात जपानी कंपन्यांनी चुरशीनं कॅल्क्युलेटर काढले आणि इतके स्वस्त करून ठेवले की त्यांच्या आकडे दाखवणाऱ्या काचा उदंड झाल्या. त्या सुमारास बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईंना दिसला. आपण अशा वेळी खिडकीबाहेर तरी बघतो, नाहीतर शेजाऱ्याचा पेपर वाचतो. योकोईंच्या मनात आलं, याच्या हातात याच आकाराचा खेळ दिला तर? पुढे एकदा मालकांच्या गाडीचा ड्रायव्हर आला नाही. गाडी परदेशी, डाव्या बाजूला चाक असलेली. योकोईंना तशी गाडी चालवायची सवय, म्हणून तेच चक्रधर झाले आणि वाटेत ही कल्पना बोलून गेले. मालकांनी हूं की चूं केलं नाही. पण एका बैठकीत त्यांची खुर्ची शार्पच्या अध्यक्षांशेजारी आली आणि थोड्याच दिवसांत शार्पची माणसं दारात हजर!

त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' जन्मला. कॅल्क्युलेटरवरचा आठ हा आकडा सात काड्यांचा असतो. हव्या त्या काड्या उमटल्या की हवा तो आकडा. योकोईंनी काड्यांच्या जागी चित्रं कोरली. चेंडू झेलणाऱ्या माणसाचे हात ठराविक जागी आधीच आखलेले, एकानंतर एक उमटले की हात हलल्याचा भास. आत घड्याळ होतंच, म्हणून वेळही दाखवली. निरनिराळे मिळून हे खेळ ४ कोटी ३४ लाख खपले. १९८२ मध्ये यातलाच एक खेळ पुस्तकासारखा मिटणारा करायचा होता. दांडा लावला तर मिटणार कसा? म्हणून योकोईंनी अधिक चिन्हाच्या आकाराचं चपटं बटण केलं. न बघता अंगठ्याला चारी दिशा कळतात. हे बटण जगभरच्या खेळांवर गेलं ते आजवर तिथंच आहे.

याच काळात अमेरिकेत 'रडार स्कोप' नावाच्या खेळाची मोठाली कपाटं न खपता पडून होती. ती फेकायची नाहीत, आतला खेळ बदलायचा, असं ठरलं. काम दिलं शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला, आणि त्याच्यावर देखरेख योकोईंची. १९८१ साली त्या शिळ्या कपाटांतून 'डाँकी काँग' बाहेर पडला. त्यात इकडून तिकडे उड्या मारणारा मिशाळ गडी म्हणजेच पुढचा जगद्‌विख्यात मारिओ. मियामोतोंचं नाव आज शाळकरी पोरं घेतात. देखरेख करणाऱ्याचं नाव कोण घेतो? शिळ्या पोळीवालीचं घेतलं नाही, तिथं यांचं काय!

आणि मग १९८९ चा 'गेम बॉय'. हातात मावणारा, खेळाची पट्टी बदलता येणारा. पण पडदा मात्र शेवाळी, रंगांच्या नावानं चार छटा. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडपासून रंगीत टीव्ही आला, तेव्हा ज्यांना तो परवडला नाही त्यांनी कृष्णधवल टीव्हीवर वर निळा, खाली हिरवा असा प्लास्टिकचा कागद लावून हौस भागवली होती. बातम्या देणारी बाई कपाळापर्यंत आकाशी आणि गळ्याखाली हिरवीगार! म्हणजे रंगाचा मोह काय असतो हे आपल्याला सांगायला नको. योकोईंच्या प्रतिस्पर्ध्यांनी रंगीत यंत्रं काढली. एक सहकारी धावत ही बातमी घेऊन आला, तेव्हा योकोईंनी एवढंच विचारलं की पडदा रंगीत आहे का? हो म्हटल्यावर ते निर्धास्त झाले. कारण साधं होतं. रंगीत यंत्रं सहा पेन्सिल सेल खाऊन चार-पाच तासांत मान टाकत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज खेळे. सेल आईबापांच्या पैशानं यायचे, हे योकोईंनी ओळखलं होतं. पुढच्या रंगीत आवृत्तीसकट गेम बॉय ११ कोटी ८६ लाखांवर गेला. मजबूतही असा की आखाती युद्धात जळून वाकडातिकडा झालेला एक गेम बॉय न्यूयॉर्कच्या दुकानात कित्येक वर्षं चालू ठेवलेला होता.

हे सगळं वाचून आपल्याकडचा कोणीही म्हणेल, 'यात काय मोठंसं? आपण तरी काय टाकतो?' खरं आहे. आपल्या माळ्यांवर बघा. फुटक्या बादल्या, रेडिओची खोकी, पंख्याचे रेग्युलेटर, कसल्याशा यंत्राचा कसलासा भाग. 'असू दे, कधीतरी उपयोगी पडेल' हे वाक्य मराठी माणूस श्वासासारखं बोलतो. म्हणजे सूत्राचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे घरोघरी आहे. अडलंय ते दुसऱ्या अर्ध्यावर. ठेवून दिलं की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. जास्तीत जास्त आपण जुगाड करतो, म्हणजे तुटलेल्या वस्तूकडून तिचंच जुनं काम आणखी चार दिवस करून घेतो. योकोईंनी वस्तूला नवीन काम दिलं. डब्यात ठेवलेली पोळी ही काटकसर. कढईतली पोळी ही कल्पकता. मधल्या प्रवासाला डोकं लागतं, आणि मालकांनी ओरडायचं सोडून 'बरं, करून बघ' म्हणावं लागतं. आपल्या कचेऱ्यांत वाळलेलं पुष्कळ असतं. 'करून बघ' म्हणणारेच कमी पडतात.

फोडणी दर वेळी जमतेच असं नाही. १९९५ साली योकोईंनी 'व्हर्च्युअल बॉय' आणला. स्वस्त आणि कमी वीज खाणाऱ्या लाल दिव्यांवर चालणारा, खोली दाखवणारा पडदा. पण त्यात तोंड खुपसून एकट्यानं बसायचं. डोळे दुखत, मान अवघडे, शेजारच्याला काही दिसत नसे. लव्ह टेस्टरमध्ये दुसऱ्याचा हात लागत होता. इथं दुसऱ्याला जागाच नव्हती. वर्षभरात ते प्रकरण गुंडाळलं गेलं. १९९६ साली एकतीस वर्षांची नोकरी सोडून योकोईंनी 'कोतो' नावाची स्वतःची प्रयोगशाळा काढली. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका हमरस्त्यावर त्यांच्या गाडीला किरकोळ अपघात झाला. काय झालं ते बघायला खाली उतरले आणि मागून येणाऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. वय अवघं छप्पन्न. त्यांचं शेवटचं यंत्र 'वंडरस्वान' १९९९ साली, ते नसताना आलं. ते एकाच पेन्सिल सेलवर चालायचं. त्यातल्या एका खेळाला मित्रमंडळींनी 'गुनपे' असं नाव दिलं.

२०२४ साली निंटेंडोनं क्योतोजवळ उजी इथं संग्रहालय उघडलं, तेही पत्ते छापायच्या आपल्या जुन्या कारखान्यात. इमारतीलाही फोडणीच! तिथं अल्ट्रा हँडनं वस्तू पकडायचा खेळ आहे आणि लव्ह टेस्टरही आहे म्हणे. हे ऐकल्यापासून आमच्या माळ्यावरच्या बंद पडलेल्या मिक्सरकडे मी नव्या नजरेनं बघू लागलो आहे. आडवा विचार सुचेपर्यंत तो तिथंच राहील, असं घरात सांगून ठेवलंय. घरात मात्र त्याच्याबद्दल उभाच विचार चाललेला दिसतो. काल भंगारवाल्याचा नंबर कॅलेंडरवर लिहिलेला आढळला.