गोदीतला खैर आणि समुद्राची जुनी रेषा

मागच्या भागानंतर आशागडहून एका श्रोत्याचा निरोप आला. ते म्हणतात, "समुद्र वाढणार, समुद्र वाढणार असं तुम्ही सांगता. पण आम्ही तर किनाऱ्यापासून आत राहतो. आमचं काय जाणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचा भाग त्यावरच.

डहाणू रोड स्टेशनहून कासा-जव्हारच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आशागड येतं. या भागातल्या माणसाला खैराचं झाड कसं असतं ते सांगायला नको. त्याच्या लाकडापासून कात काढतात, आणि कातकरी हे नावच त्या कामावरून पडलंय. खैर हा कोरड्या जमिनीवरचा गडी. तिवरांसारखा तो खाऱ्या चिखलात जगत नाही. हे लक्षात ठेवा, कारण आपली गोष्ट इथूनच सुरू होते.

मुंबईची प्रिन्सेस डॉक ही गोदी १८८० साली सुरू झाली. ती खोदताना बंदरातल्या गाळाखाली, भरतीच्या रेषेच्या कितीतरी खाली, एक अख्खं जंगल सापडलं. साडेतीनशेहून जास्त झाडं, बरीचशी मुळांवर उभी, आणि लाकूड खैराचं! झाड काही चालत जात नाही. जिथे रुजलं तिथेच ते मेलं. म्हणजे एक तर जमीन खचली असणार, नाहीतर पाणी चढलं असणार. त्या काळच्या भूशास्त्रज्ञांचा कल 'जमीन खचली' याकडे होता. पाणीही चढू शकतं, आणि ते शंभर मीटरपेक्षा जास्त चढलंय, याचा नीट हिशेब लागायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

तो हिशेब असा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर अमेरिका आणि युरोपच्या उत्तरेला दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ साचला होता. एवढं पाणी जमिनीवर अडकून पडल्यावर समुद्र खाली जाणारच. जगभरची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आपल्याकडे मुंबई-डहाणूसमोर समुद्राचा तळ सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत उथळच आहे. तो बहुतेक सगळा तेव्हा उघडा पडला होता. आज बोटी जिथे मासेमारीला जातात, तिथे तेव्हा पायी जाता आलं असतं.

मग बर्फ वितळला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यासमोरच्या तळाचे नमुने तपासून १९९५ साली पाण्याचा आलेख मांडला. साडेचौदा हजार वर्षांपूर्वी पाणी सुमारे १०० मीटर खाली. मध्ये ते बराच काळ थबकलं. पुढे दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात ते हजार वर्षांना वीसेक मीटर या वेगाने चढलं आणि जवळपास आजच्या रेषेला आलं. वर्षाला दोन सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण तळ इतका सपाट की सरासरी उतार धरला, तर एक मीटर चढाला किनारा तीन किलोमीटर आत सरकतो. एका माणसाच्या हयातीत आजोबांची शिकारीची जागा पाण्याखाली गेली असेल.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं थंडीनंतरचं. गरम काळात काय होतं? त्यासाठी आणखी मागे जाऊ, सुमारे सव्वा लाख वर्षं. पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या बदलामुळे तेव्हा उत्तरेकडे उन्हाळ्यात ऊन जास्त पडत होतं. जगाचं सरासरी तापमान कारखानदारी सुरू होण्याआधीच्या मानाने साधारण एखादाच अंश जास्त, ध्रुवांकडे मात्र कित्येक अंश जास्त. आणि समुद्र? आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर! हे कळतं प्रवाळांवरून. प्रवाळ उथळ पाण्यात वाढतात आणि त्यांच्यातल्या युरेनियमवरून वय मोजता येतं. असे जुने प्रवाळ आज भरतीच्या रेषेच्या वर, कोरडे उभे आहेत.

एवढं पाणी आलं कुठून? तरंगता बर्फ वितळून पातळी फारशी वाढत नाही, ती वाढते जमिनीवरच्या बर्फामुळे. आधी संशय ग्रीनलँडवर होता, कारण तिथला सगळा बर्फ गेला तर समुद्र सात मीटर वाढेल. पण तिथे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाचे निष्कर्ष २०१३ साली आले. त्यावरून दिसलं, की त्या गरम काळातही ग्रीनलँडचा बराचसा बर्फ टिकला होता. त्याचा वाटा दोनेक मीटरचा. मग उरलेल्यातला मोठा वाटा अंटार्क्टिकाचाच असणार. म्हणजे ज्याला आपण हलणारच नाही असं समजत होतो, तोच हलला होता.

आज आपण त्या एका अंशाच्या पुढे आलोय. १९९३ पासून उपग्रहांच्या मोजणीत समुद्र सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरहून जास्त चढतोय, आणि वेगही वाढतोय. सहा मीटर उद्या येणार नाहीत, त्याला शतकं लागतात. पण बर्फ एकदा सुटला की आपण हवा थंड केली म्हणून लगेच थांबत नाही, हीच यातली खरी भीती.

तर आशागडच्या दादांना उत्तर. तुमच्या दारात समुद्र आपल्या हयातीत यायचा नाही. पण डहाणूच्या कोळीवाड्यांत, खाडीकाठच्या खारबंधाऱ्यांमागच्या भातशेतीत, किनाऱ्याजवळच्या चिकूच्या वाड्यांच्या विहिरींत त्याची चव आधी लागेल. मागच्या वेळी पाणी चढलं तेव्हा माणसं मागे सरकली. मागे जागा मोकळी होती आणि कुणाचा सातबारा नव्हता. आता किनाऱ्यावरची माणसं मागे सरकली, तर मागे कोण आहे? तुम्हीच आहात ना! समुद्र आशागडला पोचण्याआधी हा प्रश्न पोचेल. त्याची तयारी बंधाऱ्यांची, विहिरींची आणि जमिनींची, आणि ती आत्ता बोलायची गोष्ट आहे.

खैराखाली बसून यावर थोडं बोला आणि काय ठरलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.