दगडगोट्यांच्या उतारात मुरणारे पाणी

बंगळुरू : या शहराच्या नळांना येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आणले जाते. कावेरीला मिळणाऱ्या पाण्यात कोडगू जिल्ह्यातील डोंगरउतारांचा वाटा मोठा आहे. त्याच जिल्ह्यात, नदीचे उगमस्थान मानल्या जाणाऱ्या तळकावेरीजवळ, ब्रह्मगिरी डोंगराचा एक भाग ऑगस्ट २०२० मधील अतिवृष्टीत कोसळला आणि तेथील मंदिराच्या पुजाऱ्यांसह पाच जण ढिगाऱ्याखाली गाडले गेले. नदीला उन्हाळ्यापर्यंत पुरवणारे पाणी आणि डोंगर खचवणारे पाणी एकच असते. उताराच्या पोटातून ते कोणत्या वाटेने व किती वेगाने उतरते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

मृदाशास्त्रात २ मिलिमीटरपर्यंतच्या कणांनाच माती म्हणतात. त्याहून मोठे ते खडे, गोटे आणि दगड. पश्चिम घाटाच्या उतारांवर या दोहोंचे मिश्रण आढळते. महाराष्ट्रात बेसाल्टची झीज होऊन मुरूम व गोटे तयार झाले आहेत, कोकणात जांभा आहे, तर दक्षिणेकडे नाइससारख्या खडकांवर तांबड्या मातीचा जाड थर आणि त्यात रुतलेल्या शिळा दिसतात.

दगडातून पाणी सहसा जात नाही, तेव्हा दगड जितके अधिक तितका पाझर मंद, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अनेकदा उलट घडते. माती सुकून आकसली की दगडाभोवती फट राहते. कुजलेल्या मुळांच्या नळ्या, वाळवीची आणि खेकड्यांची बिळे यांची त्यात भर पडते. फ्रेंच अभियंता आँरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून पाणी झिरपण्याचा जो नियम मांडला, तो एकजिनसी थराला नेमका लागू पडतो. डोंगरउतारावर मात्र बरेचसे पाणी अशा मोजक्या मोकळ्या वाटांनी धावते. पृष्ठभागावर सुटे पडलेले दगड थेंबांचा मारा झेलून मातीची भोके उघडी ठेवतात. तेच दगड चिखलाने लिंपलेल्या जमिनीत घट्ट बसलेले असले, तर पाणी वरूनच वाहून जाते.

दगडाळ माती पाणी लवकर पिते, पण साठवते थोडे. उदाहरणार्थ, एक मीटर खोल मातीत २०० मिलिमीटर पाऊस मावेल इतकी रिकामी जागा असेल आणि त्या थराचा निम्मा भाग घन दगडांनी व्यापला असेल, तर तेथे १०० मिलिमीटरच मावेल. घाटमाथ्यावर जुलैमध्ये इतका पाऊस एका दिवसात पडणे नवलाचे नाही.

मुरलेले पाणी खालच्या अभेद्य कातळावर पोहोचले की उताराच्या दिशेने आडवे सरकू लागते. पायथ्याशी उपळ फुटतात, झरे जिवंत होतात. दमट प्रदेशांतील समस्थानिकांच्या अभ्यासांतून एक लक्षवेधी बाब पुढे आली आहे : मुसळधार पावसात ओढ्याला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग अनेकदा त्या दिवसाच्या पावसाचा नसतो, तर आधीच जमिनीत साठलेले पाणी नव्या पाण्याच्या रेट्याने बाहेर पडते.

धोका निर्माण होतो तो पाण्याची आवक निचऱ्यापेक्षा वाढली म्हणजे. कातळावर साचलेल्या पाण्याचा दाब कणांमधील घर्षण कमी करतो. मातीचे वजन वाढते आणि तिला धरून ठेवणारी पकड सुटते. आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४), महाडजवळील तळीये (२२ जुलै २०२१), खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) आणि वायनाडमधील मुंडक्कई-चूरलमला (३० जुलै २०२४) या दुर्घटनांच्या तारखा पाहाव्यात. चारही जुलैच्या उत्तरार्धातील आहेत. जूनमध्ये कोरडा उतार जो पाऊस सहज रिचवतो, तोच पाऊस भिजून तुडुंब झालेल्या उताराला पेलवत नाही. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत २०४.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस सर्वोच्च श्रेणीत येतो. परंतु उतारापुरते बोलायचे तर आधीच्या दिवसांत किती पाऊस मुरला, हे पाहिल्याशिवाय तो आकडा अपुरा आहे.

बंगळुरूतील ‘अत्री’ या संस्थेचे तत्कालीन संशोधक जगदीश कृष्णस्वामी आणि जलशास्त्रज्ञ माइक बोनेल यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम घाटातील मातीची पारगम्यता मोजून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमी हस्तक्षेप झालेल्या जंगलाखाली पाणी सहज मुरते, तर ऱ्हास पावलेल्या जमिनीत पाझर घटतो आणि केवळ झाडे लावल्याने तो लगेच पूर्ववत होत नाही, असे त्यांना आढळले. जंगलात मुळे मातीला बांधूनही ठेवतात. तीव्र उतारावर नुसते चर खणून पाणी जिरवणे ही वेगळी गोष्ट आहे. सौम्य उतारावर उपकारक ठरणारा चर तेथे कातळावरील दाब वाढवू शकतो. रस्त्यासाठी पायथा कापून नैसर्गिक निचरा बुजवण्याचा परिणामही तोच. केरळमध्ये जमिनीखालून माती वाहून जाऊन भुयारे तयार झाल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत.

उतार अस्वस्थ झाल्याची काही लक्षणे मोजमापाच्या साधनांशिवाय दिसतात. स्वच्छ झरा गढूळ होणे, नव्या जागी उपळ फुटणे, जमिनीला उताराला आडव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे ही त्यांतील प्रमुख. भर पावसात नेहमीचा झरा एकाएकी आटला, तर ते लक्षण अधिक गंभीर मानावे लागते, कारण पाणी आत अडलेले असू शकते.