श्वानाचें कुल आणि शील

कुत्रा चावल्यास धनी केव्हां जबाबदार? त्या कुत्र्याचा दुष्ट स्वभाव धन्यास आधींपासून ठाऊक असेल तेव्हां, असें जुना इंग्रजी न्याय म्हणे. अमेरिकेंत १९५० सालीं आग, चोरी व परक्यास होणारी इजा यांचा एकत्र गृहविमा निघाला. पुढें कित्येक विमाकंपन्या पिटबुल, रॉटवायलर अशा जातींचें नांव ऐकूनच विमा नाकारूं लागल्या. गहाण घरास विमा आवश्यक. तेव्हां निरुपद्रवी कुत्रा सोडावा कीं घर, असा पेंच पडे. न्यूयॉर्क राज्यानें २०२१ सालीं कायदा करून ही जातवारी बंद केली. जो कुत्रा रीतसर धोकादायक ठरेल, त्याच्याविषयीं मात्र कंपनीस मोकळीक ठेविली. न्याय पुन्हां कुळावरून शीलावर आला. माणसांचीही पारख कुळावरून करणाऱ्या आम्हांस यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.